येशूने मोहाला उत्तर देताना शास्त्रवचनच का वापरले? नुसते ‘नाही’ म्हणून भागले नसते का?

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात रानात उपाशी असलेल्या येशूला सैतान तीन मोह घालतो. तो अध्याय वाचताना एक गोष्ट सहज निसटते. तिन्ही मोहांना येशूने दिलेली उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत: 8:3, 6:16 आणि 6:13. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात होते, येशू चाळीस दिवस. इस्राएल लोकांना भूक लागली तेव्हा मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला, तोही रोजच्या रोज. साठवला की किडे पडायचे. ‘मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही’ हे वाक्य त्या भुकेबद्दलचे आहे. (मराठी बायबलात ‘भाकर’ हा शब्द आहे, त्यामुळे मला तरी ज्वारीचीच दिसते.)

पण वचन पाठ असले की झाले, असेही नाही. दुसऱ्या मोहात, मंदिरावरून उडी मार असे सांगताना, सैतानसुद्धा बायबलमधले स्तोत्र 91 म्हणून दाखवतो, आणि शब्द जवळपास बरोबर! फरक हेतूत आहे. त्याला वचन देवाची परीक्षा घ्यायला हवे होते, येशूला देवावर विसंबायला.

नुसत्या ‘नाही’ने भूक जात नाही, म्हणून उत्तर शास्त्रातून आले. मीही मोठे वाचन सोडून रोज अनुवादातली चार-पाच वचने सावकाश वाचतो. सहावा ते आठवा अध्याय सुरुवातीला पुरे.