अंगणात संध्याकाळी बसताना डास आणि इतर कीटकांना नैसर्गिक उपायांनी दूर कसे ठेवता येईल?

गावच्या घराच्या अंगणात दिवेलागणीनंतर बसणे डासांमुळे अशक्य झाले आहे आणि घरात 2 वर्षांचे मूल असल्यामुळे रासायनिक फवारे नको आहेत, असे आपण लिहिले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठच्या एका गावात निवास-न्याहारीच्या चार खोल्या चालवतो. पाहुण्यांना रात्रीचे जेवण अंगणात वाढण्याची आमच्याकडे पद्धत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पोटापाण्याचा आहे, आणि त्यावरचा बहुतेक प्रत्येक घरगुती उपाय मी स्वतः करून पाहिला आहे.

सुरुवातीला मीही सगळ्यांप्रमाणे वासाच्या मागे लागलो होतो. अर्ध्या लिंबात लवंगा टोचून ठेवल्या, वाटीत कापूर घातला, अंगणाच्या कडेने गवती चहा आणि झेंडू लावले, सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या मागवल्या. तरीही एका दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे ताटावरून उठून पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिडून मी घराभोवती फेरी मारली, तेव्हा गोठ्यामागे टाकलेल्या नारळाच्या करवंट्यांमध्ये पावसाचे पाणी साचलेले आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत असलेल्या दिसल्या. त्याहून लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे, मुंग्या चढू नयेत म्हणून जेवणाच्या मेजाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्यांतही त्या होत्या. म्हणजे मी डासांना पाहुण्यांच्या पायाशीच वाढवत होतो.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अंगणातल्या डासांचा उपाय बहुतांशी पाण्यात आहे, वासात नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास फार दूर उडत नाही. ज्या भांड्यात तो जन्मतो, तिथून काही शे मीटरच्या आतच बहुधा त्याचे आयुष्य जाते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्यामागे हेच गणित आहे. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून भांडे काथ्याने किंवा ब्रशने घासून मगच वाळवावे लागते.

कोकणातल्या वाडीत पाणी कुठे कुठे साचते, याची कल्पना अनुभवाशिवाय येत नाही. करवंट्या आणि शहाळी तर आहेतच. पण पोफळीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीचा बुंध्याकडचा रुंद देठ, ही होडीसारखी उताणी पडते आणि एका सरीत भरते, केळीच्या पानांच्या बेचक्यात पाणी राहते, जळाऊ लाकडांवर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्यांमध्ये राहते, पालापाचोळा अडकलेल्या पन्हळीत राहते आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्येही राहते. आमच्या घरी शनिवारी सकाळी ही फेरी असते आणि तिला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. करवंट्या आम्ही पालथ्या रचतो आणि विऱ्या उचलून आळ्यात आच्छादनाला वापरतो. मेजाखालच्या वाट्या काढून टाकून पायांना आता तेलाची चिंधी बांधतो.

जे पाणी ओतून देता येत नाही, त्याचे काय करायचे हा पुढचा प्रश्न. विहीर आणि विहिरीजवळची दगडी डोण (पाणी साठवायचे कुंड) यांत मी गप्पी मासे सोडले आहेत. हे मासे अनेक ठिकाणी आरोग्य केंद्राकडून मिळतात आणि डासांच्या अळ्या आवडीने खातात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले असल्यामुळे ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र सोडू नयेत, कारण तिथे ते स्थानिक माशांच्या वाट्याचे खाऊन टाकतात. शोभेच्या कुंडात मासे नको असतील, तर बीटीआय नावाच्या जिवाणूची भुकटी किंवा गोळ्या मिळतात. हा जिवाणू 1976 साली इस्राएलमध्ये एका साचलेल्या डबक्यात सापडला आणि तो डासांच्या अळ्यांना मारतो, तरी माणसे, गुरे व मासे यांना त्याचा अपाय होत नाही. ‘नैसर्गिक’ हा आपला आग्रह असेल, तर याहून नैसर्गिक औषध मला माहीत नाही. सांडपाण्यात आणि शौचालयाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स हा वेगळा डास आहे, तो रात्री चावतो आणि दूरवर उडतो. त्याच्यासाठी मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे आणि टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

एवढे केले तरी शेजारच्या आवारातून काही डास येणारच, आणि त्यांच्यासाठी सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे साधा टेबल फॅन. डास अगदी दुबळेपणाने उडतो, त्यामुळे पंख्याच्या झोतात त्याला अंगावर उतरता येत नाही. शिवाय आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि घामाचा वास, ज्यांच्या मागावर तो येतो, तेही विखुरले जातात. डास जमिनीलगत वावरतात आणि पायांना जास्त चावतात, म्हणून मी पंखा टेबलावर न ठेवता खाली ठेवून त्याचा झोत मेजाखालून जाऊ देतो. या एका बदलानंतर माझ्याकडच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. फिकट रंगाचे, सैल आणि पाय झाकणारे कपडे यांचाही उपयोग होतो, कारण गडद रंग डासाला चटकन दिसतो.

आता वासाच्या उपायांविषयी. गवती चहा, तुळस किंवा झेंडू यांची झाडे नुसती लावून डास जात नाहीत, कारण पान चुरगळल्याशिवाय त्यातले तेल हवेत फारसे येत नाही. गवती चहाच्या जवळच्या नात्यातल्या गवतापासून काढलेले सिट्रोनेला तेल त्वचेवर लावले तर डास दूर राहतात, पण फार थोडा वेळ. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत सिट्रोनेलाच्या उत्पादनांचा परिणाम 20 मिनिटेही टिकला नाही, आणि वासाचे मनगटी पट्टे तर अर्धा मिनिटसुद्धा पुरले नाहीत. खोबरेल तेलात 2 टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून हातापायांना लावण्याचा उपाय मात्र मी स्वतः वापरतो. मलेरियाच्या ॲनोफिलिस डासांवर त्याचा परिणाम इतर डासांपेक्षा चांगला दिसतो, असे भारतातल्या चाचण्यांत आढळले होते. त्याचा वास सोसावा लागतो, एवढीच माझी तक्रार आहे.

आपल्या घरात लहान मूल आहे म्हणून तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. कापूर आणि कडुनिंबाचे तेल हे दोन्ही पोटात गेल्यास लहान मुलांना विषारी ठरतात आणि झटकेही येऊ शकतात, त्यामुळे कापराची वाटी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. बाजारात मिळणारे लेमन युकॅलिप्टसचे शुद्ध केलेले तेल वनस्पतिजन्य उपायांमध्ये सर्वांत टिकाऊ समजले जाते, परंतु 3 वर्षांखालील मुलांना ते लावू नये असाच सल्ला दिला जातो. आणि आपल्याकडच्या नेहमीच्या निलगिरी तेलाला त्याचा पर्याय मानू नये. तिसरी गोष्ट धुराची. कडुनिंबाचा पाला, गोवरी आणि नारळाची सोडणे, म्हणजे वरची साले, यांच्या धुरीने डास खरोखर कमी होतात, पण तो धूर मुलाच्या छातीत जातोच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका डासांच्या उदबत्तीतून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघतात असे दिसले होते, आणि पाल्याचा धूर याहून सोवळा असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. आम्ही धुरी घालतो ती पाहुणे बसण्याच्या तासभर आधी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. मुलासाठी पाळण्यावर किंवा बाजेवर मच्छरदाणी हाच उत्तम मार्ग आहे.

इतर कीटकांचे काम त्या मानाने सोपे आहे. पहिल्या पावसात वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झेपावतात, तेव्हा अंगणातला पांढरा दिवा मालवून दूर कुंपणाशी एक दिवा लावावा आणि जेवणाच्या जागी मंद पिवळा प्रकाश ठेवावा. निळ्या प्रकाशाचे वीज-सापळे मी काढून टाकले आहेत. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत अशा सापळ्यांत मेलेल्या 13,789 कीटकांपैकी चावणारे फक्त 31 निघाले, आणि बाकीच्यांत उपयोगी कीटकही होते. चिलटे येतात ती कुजणाऱ्या फळांवर. काजूची बोंडे आणि फणसाची चारखंडे, म्हणजे वरची साले, त्याच संध्याकाळी मातीआड केली की चिलटे ताटाभोवती घोंघावत नाहीत.

आपले गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या बाजूला असेल आणि आपण काजूच्या बागेत किंवा रानात जात असाल, तर गोचिडांच्या बाबतीत मात्र नैसर्गिकतेचा आग्रह सोडावा. त्या भागात गोचिडांमार्फत माकडतापाची, म्हणजे माकडांना आणि माणसांना होणाऱ्या एका विषाणूजन्य तापाची, लागण झालेली आहे. तिथे जाताना आरोग्य केंद्राकडून मिळणारे प्रतिबंधक तेल लावावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी, आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता लगेच कळवावे.