मालवाहू जहाजांना शिडं लावतायत म्हणे, पण वारा मागून नसेल तर त्यांचा उपयोग काय?

जहाजावर नोकरी केलेले तुमचे मामा म्हणतात, "शिडाला वारा पाठीमागूनच लागतो, बाकी सगळी जाहिरातबाजी." मामा डेकवाले असणार. मी इंजिनवाला, बल्क कॅरिअरवर (कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) तेवीस वर्षं घासली, आणि नेमक्या ह्याच वाक्यावरून माझं एका कप्तानाशी वाजलंय.

झालं असं की जेवताना कुणीतरी मोबाइलवर 'मेर्स्क पेलिकन'चा व्हिडिओ दाखवला. 2018 मध्ये त्या टँकरवर 30 मीटर उंच आणि 5 मीटर रुंद असे दोन फिरते खांब बसवले, तेच. कप्तान म्हणाला, "दोन धुराडी वाढवली वाटतं." सगळे हसले. मी म्हटलं, साहेब, ही शिडं आहेत. मग मामांचं वाक्य आलं, जसंच्या तसं.

मी पेपर नॅपकिनवर हिशोब मांडला. जहाज 12 नॉटने (नॉट म्हणजे समुद्रावरचं वेगाचं माप) चाललंय, वारा 20 नॉटचा. तो थेट मागून आला तर जहाजाला लागतो फक्त 8 नॉट, कारण आपणच त्याच्यापासून पळत असतो. तोच वारा बरोबर आडवा आला तर जहाजाच्या चालीचा समोरचा वारा त्यात मिसळतो, आणि लागतो सुमारे 23 नॉट, नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, साठेक अंशांवरून. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे आठपटीहून जास्त. शिवाय चांगलं शीड वाऱ्याला नुसतं अडवत नाही, वळवून मागे फेकतं. त्यामुळे मुख्य ओढ वाऱ्याला काटकोनात लागते आणि ह्या कोनात तिचा बराचसा वाटा पुढेच जातो.

कप्तान म्हणाला, "चीफ, कागदावर जहाजं चालत नाहीत."

मग मी हट्टाला पेटलो. जुनी चार बॉल बेअरिंगं, त्यावर फळी, फळीवर 12 व्होल्टची मोटर, मोटरवर नकाशा गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी. बाजूने टेबल फॅन. बंदरात नांगर टाकलेला असताना अख्खी मेस जमवली आणि बटण दाबलं. गाडी ऐटीत मागे गेली.

तेव्हा झालेला हशा मला अजून ऐकू येतो. तारा उलट्या लागल्या होत्या, एवढंच! खांबाची नाळेकडची बाजू वाऱ्याबरोबर फिरायला हवी. मग ती बाजू हवेला खेचून गोल मागे वळवते आणि खांब पुढे ओढला जातो. (हाच मॅग्नस परिणाम, क्रिकेटचा चेंडू हवेत वळतो, त्यातही तो असतो.) माझा खांब उलटा फिरत होता, म्हणजे विज्ञान बरोबरच चाललं होतं. तारा बदलल्या, वरच्या टोकाला कागदी डिश चिकटवली म्हणजे टोकावरून हवा निसटत नाही, आणि गाडी तुरुतुरु पुढे गेली. बघायला फक्त मेसमन उरला होता.

हे खूळ आजचंही नाही. जर्मनीच्या अँटोन फ्लेटनरने 1924 मध्ये 'बुकाऊ' जहाजावर असे दोन खांब बसवले. तेच जहाज 'बाडेन-बाडेन' नावाने 1926 मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेलं. मागे पडलं ते स्वस्त तेलामुळे, वाऱ्यामुळे नाही.

आणि मामा कोकणातले असतील तर त्यांना विचारा, आपली गलबतं मुंबईला कशी जायची? किनारा दक्षिणोत्तर. पहाटे मतलई वारा जमिनीवरून, दुपारी खारा वारा समुद्रावरून. दोन्ही आडवे! पाठीमागच्या वाऱ्याची वाट बघत बसले असते तर माल बंदरातच कुजला असता. मी जयगडचा, हे मला त्या मेसमध्ये सुचायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर.

आता फायदा किती, हे तुमचं खरं विचारणं. 'पेलिकन'वर वर्षभरात इंधन 8.2 टक्के वाचल्याचं सांगितलं गेलं. 2023 मध्ये 'पिक्सिस ओशन' ह्या मालवाहू जहाजावर 37.5 मीटरचे दोन ताठ पंख बसवले. सहा महिन्यांनंतर कारगिल (Cargill) कंपनीने दिवसाला सरासरी 3 टन इंधन वाचल्याचं जाहीर केलं. इंजिन काढून टाकायचं असं कुणीच म्हणत नाहीये. वारा नाकासमोरून असेल तर ओढ जवळजवळ सगळी बाजूला जाते, नुसता अडथळा होतो, तेव्हा ही शिडं बंद नाहीतर आडवी करावी लागतात. खांब फिरवायलाही वीज लागते. पुलाखालून जायचं असेल, हॅचवर (माल उतरवायच्या झाकणांवर) क्रेन चालायच्या असतील, तर डोकेदुखी वेगळीच. मार्गावर आडवा वारा नसेल तर मामा बरोबर, पण चुकीच्या कारणासाठी.

त्यांना पटवायला प्रयोग करणार असाल तर आधी एकट्याने करून बघा. पंखा उजवीकडून असेल तर वरून पाहताना नळी घड्याळाच्या उलट फिरली पाहिजे. मोटरच्या तारांवर तशी खूण करून ठेवा, मगच मामांना बोलवा.