कागदी कुंडी फाटतेय? फाटू द्या

तुम्ही विचारलंय, रोपं तयार करायच्या पेपरच्या कुंड्या आठवड्याभरात खालून उसवतात, तर कागदाच्या लगद्यात फेविकॉल घालून त्या पक्क्या कराव्यात का? मी तीन वर्षांपूर्वी हाच उद्योग करून बसलोय, म्हणून सांगतो, नका करू.

मी फेविकॉलऐवजी मैद्याची खळ घातली होती. लगदा वाटीवर थापला आणि गच्चीवर ठेवला. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, संध्याकाळपर्यंत सगळ्या वाट्या खडखडीत. फार कौतुक वाटलं. त्यांत वांगी लावली आणि वाटीसकट वाफ्यात पुरली. झाडं काही वाढेनात. दिवाळीनंतर एक उपटलं, तर वाटी जवळपास जशीच्या तशी आणि मुळं आत शेवयांच्या गुंडाळीसारखी गोल फिरलेली. दोन वाट्या मात्र फुटल्या होत्या, त्या उधळीनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या म्हणून. कागद आणि वर मैदा, तिला पंगतच!

तेव्हा कुंडी मजबूत करायचीच नाही. ती तीनेक आठवडे उभी राहिली की तिचं काम झालं.

पेपरचं एक पान उभं मधोमध फाडा. ती पट्टी सरळ अंगाच्या बाटलीभोवती गुंडाळा, दोन-तीन वेढे बसतात. खाली चार-पाच बोटं कागद सोडून तो चहूबाजूंनी आत दुमडा आणि बाटली फरशीवर दाबून गोल फिरवा. बुड पक्कं होतं. बाटली काढून लगेच माती भरा, वजनानं घडी सुटत नाही. डिंक, पिना काही नको. पुरवण्यांचा चकचकीत कागद तेवढा वगळा.

तुमच्या कुंड्या उसवतात त्या बहुतेक सुट्या ठेवल्यामुळे आणि वरून पाणी घातल्यामुळे. संत्र्याच्या जुन्या पेटीत प्लास्टिक अंथरून त्या खेटून बसवा, एकमेकींना धरून ठेवतात. पाणी पेटीत खालून द्या, बोटभर. तासाभरानं उरलेलं ओतून टाका. कागदावर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, पाणी जरा कमी करा.

नुसती काळी माती भरू नका. वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. मी एक भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतो. कागद कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढतात, त्यामुळे कधी खालची पानं पिवळी पडतात. शेणखताचं पातळ पाणी एकदा दिलं की पुरतं.

या कुंड्यांचा खरा फायदा दोडका, काकडी, कारल्याला. या वेलांना मुळं हलवलेली खपत नाहीत. वांगी-मिरचीला महिना-सव्वा महिना लागतो, तोवर कागद टिकत नाही. त्यांचं बी आधी ट्रेमध्ये टाका आणि पहिल्या बीपानांनंतरची दोन खरी पानं आली की कागदात हलवा. आमची आई तर जेवणावळीतून उरलेल्या पळसाच्या द्रोणांत दोडक्याचं बी लावायची. माझ्या कुंड्या पाहून म्हणाली, "एवढा खटाटोप कायले रे?"

वेळ मात्र सांभाळा. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मेला लागतो, तेवढ्यात बी टाकूच नका. गच्चीवरच्या झळांनी कागद पापडासारखा कडक होतो आणि मातीतला ओलावा शोषून घेतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सावलीत बी टाका. पाऊस नीट धरेपर्यंत रोप तयार होतं.

बुडातून पांढरी मुळं डोकावली की संध्याकाळी कुंडीसकट लावा. त्याआधी कागद चांगला भिजवा, बुडाला दोन चिरा द्या आणि मातीच्या वर राहणारी कड फाडून टाका. ती कड राहिली तर दिव्याच्या वातीसारखी खालचं पाणी वर ओढते आणि भर पावसाळ्यातसुद्धा रोप सुकतं. माझी चार काकड्यांची रोपं अशीच गेली.