चित्रे जागेवर का राहत नाहीत?

प्रश्न : मी वर्डमध्ये सुमारे साठ पानांचा अहवाल तयार करत आहे. प्रत्येक चित्र नीट बसवून झाल्यावर वरच्या एखाद्या परिच्छेदात दोन ओळी वाढवल्या, की पुढची सगळी चित्रे हलतात, काही तर मजकुरावर येऊन बसतात. चित्रे एका जागी कायमची खिळवून ठेवता येतील का?

उत्तर : खिळवून ठेवण्याची सोय आहे, पण बहुतेक वेळा ती आपल्याला हवी नसते. आपल्याला चित्र पानावरच्या ठरावीक ठिकाणी नको असते, तर ज्या मजकुराशी त्याचा संबंध आहे त्याच्याजवळ हवे असते. आणि मजकूर पुढे सरकला तर चित्रानेही त्याच्यासोबत सरकणे हेच योग्य असते. त्यासाठी वर्ड चित्राकडे कोणत्या दोन प्रकारे पाहतो, हे समजून घ्यावे.

पहिल्या प्रकारात चित्र हे ओळीतले एक मोठे अक्षर असते. चित्र निवडून 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' हा पर्याय घेतला, की चित्र परिच्छेदाचा भाग होते, अक्षराप्रमाणेच पुढे-मागे सरकते आणि मजकुरावर कधीच चढत नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे 'स्क्वेअर', 'टाइट', 'बिहाइंड टेक्स्ट' इत्यादी पर्यायांत, चित्र तरंगते असते. तरंगते चित्रही मोकळे नसते. ते कोणत्या तरी परिच्छेदाला नांगरलेले असते, आणि चित्र निवडल्यावर त्या परिच्छेदाशेजारी नांगराची छोटी खूण दिसते. ती न दिसल्यास 'होम'मधील परिच्छेदचिन्हाचे बटण दाबून पाहावे. चित्र नेहमी नांगराच्या परिच्छेदाच्याच पानावर राहते, आणि तो संपूर्ण परिच्छेद पुसला तर चित्रही त्याबरोबर जाते. चित्र माउसने ओढून दुसरीकडे नेताना नांगर आपल्या नकळत भलत्याच परिच्छेदावर जातो, आणि आपण वर्णन केलेल्या गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असते.

माझा आग्रहाचा सल्ला असा, की अहवाल, प्रबंध आणि पुस्तकाची हस्तप्रत यांसारख्या लांब दस्तऐवजांत सर्व चित्रे पहिल्या प्रकारची ठेवावीत. प्रत्येक चित्राला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, तो मध्यभागी घ्यावा आणि त्याला 'कीप विथ नेक्स्ट' लावावे, म्हणजे चित्र एका पानावर आणि त्याखालची शीर्षकाची ओळ दुसऱ्या पानावर असे होणार नाही. दोन चित्रे शेजारी शेजारी हवी असतील तर कडा अदृश्य केलेल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात ती ठेवावीत. मजकूर चित्राभोवती वळवायचाच असेल, तर आधी नांगर योग्य परिच्छेदावर आणावा, 'मूव्ह विथ टेक्स्ट' निवडावे आणि 'लॉक अँकर'ने तो तिथेच पक्का करावा. लिबरऑफिस रायटरमध्येही हीच रचना आहे. तिथे ओळीतल्या चित्रासाठी 'अ‍ॅज कॅरेक्टर' हा पर्याय आहे.

एक त्रास मात्र उरतो. ओळीतले मोठे चित्र पानाच्या उरलेल्या जागेत मावले नाही तर ते पुढच्या पानावर जाते आणि मागे पांढरी पोकळी राहते. ती भरण्यासाठी रिकाम्या ओळी घालू नयेत किंवा चित्रे सारखी ओढू नयेत. संपूर्ण मजकूर अंतिम झाल्यावरच चित्र थोडे लहान करावे, अथवा पुढचा परिच्छेद चित्राच्या आधी घ्यावा आणि मजकुरात चित्राचा उल्लेख क्रमांकाने करावा. पृष्ठरचना हे शेवटचे काम आहे. लेखन चालू असताना ते करत राहणे म्हणजे तेच श्रम पुन्हा पुन्हा करणे होय.

प्रश्न : चित्र घातले, पण त्याची फक्त एक चिंचोळी पट्टीच दिसते. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. त्या परिच्छेदाच्या ओळींमधील अंतर 'एक्झॅक्टली' असे ठरावीक मापाचे केलेले असणार, त्यामुळे चित्राला ओळीच्या उंचीपुरतीच जागा मिळते. अंतर 'सिंगल' करावे. चित्र पूर्ण दिसेल.

प्रश्न : पडद्यावर स्पष्ट दिसणारे छायाचित्र छापल्यावर धूसर येते, आणि दुसरीकडे फाइल इतकी मोठी होते की ईमेलने जात नाही. या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशेबात आहे. चांगल्या छपाईसाठी साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल धरले जातात. छायाचित्र सहा इंच रुंद छापायचे असेल तर त्याची रुंदी १८०० पिक्सेल हवी. ९०० पिक्सेलचे चित्र तेवढेच ताणले तर इंचाला १५० च उरतात, आणि नसलेला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणू शकत नाही. उलट ६००० पिक्सेलचे छायाचित्र त्याच सहा इंचांत बसवले तर जादा पिक्सेल फाइलचे वजन वाढवतात, कारण कोपरा ओढून चित्र लहान केल्याने फक्त दिसणे लहान होते. म्हणून चित्र दस्तऐवजात आणण्यापूर्वीच योग्य मापाचे करावे. संदेशांच्या अ‍ॅपमधून साध्या छायाचित्राच्या रूपात आलेली प्रत बहुधा आधीच आक्रसलेली असते. मूळ फाइल मागवावी.

फाइल तयार झाली असेल तर 'पिक्चर फॉरमॅट'मधील 'कॉम्प्रेस पिक्चर्स' वापरावे. तिथे 'फक्त याच चित्रासाठी' ही खूण काढली, की ते सर्व चित्रांना लागू होते. ईमेलसाठी ९६, पडद्यासाठी १५० आणि सर्वसाधारण छपाईसाठी २२० पिक्सेल प्रतिइंच हे पर्याय मिळतात. हे काम नेहमी फाइलच्या प्रतीवर करावे, कारण साठवल्यानंतर गेलेला तपशील परत येत नाही. वर्ड एरवीही साठवताना चित्रे आक्रसू शकतो; छपाईच्या प्रतीत ते टाळायचे असेल तर 'ऑप्शन्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' ही खूण करावी.

इथे गोपनीयतेचाही प्रश्न आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 'क्रॉप' करून कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो आणि फाइल मिळणारा कोणीही तो परत उघडू शकतो. चित्राच्या कडेला कोणाची सही, पत्ता किंवा खातेक्रमांक असेल तर 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ही खूण केल्याशिवाय फाइल पाठवू नये.

चित्राच्या फाइलच्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगायचे तर छायाचित्रांसाठी जेपीईजी चांगले, तर पडद्याची छबी आणि अक्षरे असलेल्या आकृत्या यांसाठी पीएनजी, कारण जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटतात.

प्रश्न : मध्येच एक चित्र वाढले, की पुढचे सर्व चित्रक्रमांक हाताने बदलावे लागतात. याला उपाय आहे का?

उत्तर : क्रमांक हाताने लिहूच नयेत. चित्र निवडून 'रेफरन्सेस'मधून 'इन्सर्ट कॅप्शन' घ्यावे आणि मजकुरातला उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'ने करावा. नंतर चित्र वाढले किंवा गळले तरी 'कंट्रोल'सह 'ए' दाबून सर्व मजकूर निवडावा आणि 'एफ ९' दाबावे. क्रमांक आणि उल्लेख दोन्ही सुधारतात. कॅप्शनच्या, म्हणजे चित्रशीर्षकांच्या, याच ओळींवरून चित्रांची सूचीही आपोआप तयार करता येते.

त्याच बैठकीत प्रत्येक चित्राचा 'ऑल्ट टेक्स्ट'ही लिहावा. दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर तो वाचून दाखवते, म्हणून त्यात 'आलेख' एवढेच न लिहिता आलेखातून काय दिसते ते एक-दोन वाक्यांत सांगावे.