वाचक विचारतात: ट्रेलरचे ब्रेक

प्रश्न: सामानाच्या ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक फार हलके लागतात. कंट्रोलर (ब्रेकला जाणारा विद्युतप्रवाह ठरवणारं गाडीतलं यंत्र) वाढवूनही फरक पडत नाही. घरी दुरुस्ती जमेल का?

उत्तर: जमेल. पण शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) मागवण्याची घाई नको, दोष बहुधा मॅग्नेटमध्ये (वीज मिळताच ड्रमला चिकटून शू दाबणाऱ्या विद्युतचुंबकात) किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडणीत असतो. मॅग्नेटच्या दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर लावा. 10 इंची ब्रेकला साधारण 3.2 ते 3.8 ओहम यायला हवेत. आकडा बराच कमी असेल तर मॅग्नेटमधली कॉइल (तारेचं वेटोळं) शॉर्ट, मीटर OL (म्हणजे प्रवाह जातच नाही) दाखवत असेल तर तुटलेली.

मग ट्रेलर स्टँडवर टेकवून ड्रम काढा. नुसत्या जॅकवर काम करू नका. मॅग्नेटच्या घासणाऱ्या बाजूवर कॉइलची तार दिसू लागली किंवा तो तिरका झिजला असेल तर बदला, तोही ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचा. शूचं अस्तर 1.5 मिमीवर आलं की तेही जोडीनेच. ग्रीस मुरलेले शू धुऊन वापरू नयेत. चाकाच्या हबमधलं ग्रीस रोखणारं सील मात्र नवीनच घाला, नाहीतर नवे शूही ग्रीसने भिजतील. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी चाक फिरवत ॲडजस्टरचं (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणाऱ्या भागाचं) दातेरी चाक घट्ट करा. चाक जड झालं की किंचित घासण्याचा आवाज उरेपर्यंत सैल करा.