बसून खातो? पहाटे चारला फडात असतो की!

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा गेवराई तालुक्यातला, सध्या वाळूजला कंपनीत परमनंट आहे. आईवडील ऊसतोड करायचे, मी आजीजवळ गावात राहून शिकलो, जिद्दीनं आयटीआय केलं आणि त्यातनं बाहेर पडलो. चुलतभाऊ मात्र दरवर्षी मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतो, ती पावसाळ्यातच संपते की दिवाळीला परत कोयता उचलून कारखान्याला. रेशन फुकट आहे, वहिनीला लाडकी बहीणचे १५०० येतात. काहीतरी धंदा कर म्हणलं की नुसता हं हं करतो. मला वाटतं फुकटच्या योजनांनी ही माणसं बसून खायला लागली. माझं चुकतंय का?

उत्तर : दादा, बसून कुठं खातो हो तो, पहाटे चारला उसाच्या फडात असतो की. नवरा बायको मिळून एक कोयता, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. खाडा झाला, म्हणजे एक दिवस चुकला, की दंड. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय गाजला, सरकारनं समिती नेमली, आठवतंय ना? खाडा पडू नये म्हणून बाई ऑपरेशनपर्यंत जाते, तिथं आळस कुठं शोधायचा.

उचल दारूत उडवणारे पण आहेत, मी नाही म्हणत नाही. पण बहुतेक घरात ती दवाखाना, लग्न, जुनी बाकी ह्यातच जाते, आणि यंदा फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. अशा माणसाला धंदा कर म्हणलं तर तो हं हं च करणार, कारण त्याच्या डोक्यात उद्याचा मुकादमाचा फोन चालू असतो. २०१३ मध्ये सायन्स ह्या साप्ताहिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता. ऊस जायच्या आधी, पैशाची ओढाताण असताना, बुद्धीच्या चाचणीत ते मागं पडले आणि उसाचे पैसे हातात आल्यावर त्याच शेतकऱ्यांनी चाचणी चांगली सोडवली. एका हंगामात काय कुणी हुशार होतं का!

तुमची जिद्द खरीच आहे. पण आजी होती हे तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढं गेलात. ती भाकरी थापत होती म्हणून तुमची शाळा सुटली नाही. ज्यांना आजी नाही त्या पोरांसाठीच हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आईबाप कारखान्याला गेले तरी पोरगं गावात राहून शाळेत जातं.

योजनांवर राग माझाही आहे, पण वेगळ्या कारणानं. आमच्या गल्लीतल्या एका विधवा बाईबरोबर मी संजय गांधी निराधार योजनेच्या (निराधारांना महिन्याला मदत देणाऱ्या) कागदांसाठी तहसीलला गेले होते. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन, दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी रेशन कार्डावर नाव वेगळं. तीन दिवसांची रोजंदारी बुडाली १५०० रुपयांच्या पगारासाठी (आपल्याकडं त्याला पगारच म्हणतात). त्यात अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, म्हणजे महिन्याला १७५०. रोज खुरपायला गेली तरी त्याच्या पुढं जातं. जास्त काम केलं आणि खरं सांगितलं की नाव कटणार, मग ती बाई तोंड दाबून बसते आणि आपण म्हणतो ह्यांना पुढं जायची इच्छाच नाही.

भावाला आता उपदेश नको. मुकादमाचं किती देणं राहिलंय ते विचारा, जमलं तर बाकीला थोडा हात लावा. पोरगं शाळेत असेल तर ते निघायच्या आधीच हेडमास्तरांना गाठून वसतिगृहाचं बघा. आणि एक, रेशन फुकट म्हणता, पण हंगामात ते उचलतो का तो? कार्ड आधारला जोडलेलं असेल तर कारखान्याजवळच्या दुकानातपण धान्य मिळतं, लई जणांना हे माहीतच नसतं.

प्रश्न : आई विधवा, वय ६६. संजय गांधीचा अर्ज करावा का? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : नाही, ६५ च्या पुढं श्रावणबाळ योजना. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, आधार, रेशन कार्ड, पासबुक घेऊन सेतूत किंवा तहसीलला जा. पैसे खात्यावर येतात, म्हणून खातं आधारला लिंक आहे का ते आधी बँकेत बघा. आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.