क्ले थॉम्प्सन खेळला नाही तो हंगाम

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे दुखापतग्रस्त खेळाडूचे आयुष्य या एकाच विषयाभोवतीची आहेत, आणि त्यांपैकी चार पत्रांत अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमधील एकाच खेळाडूचा उल्लेख आहे. त्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ मी २०१५ पासून आवडीने पाहतो. २०१९-२० च्या हंगामात हा संघ सतत हरत होता आणि दुखापतग्रस्त क्ले थॉम्प्सन साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसे. असा व्यावसायिक खेळाडू वर्षभर नेमके करतो तरी काय? ते वर्ष म्हणजे भरपगारी रजाच नव्हे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पगाराबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, रजेबाबत नाही.

१३ जून २०१९ रोजी ओकलंड येथे टोरांटो रॅप्टर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात थॉम्प्सनने ३० गुण केले होते. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस डंक मारण्यासाठी, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालण्यासाठी, तो उडाला असता रॅप्टर्सच्या डॅनी ग्रीनने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला आणि खाली येताना थॉम्प्सनच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडून ठेवणारा स्नायुबंध, तुटला. त्याला आत नेले जात असतानाच तो मागे फिरला, फाउलबद्दल वाट्याला आलेले दोन्ही फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायचे चेंडू) त्याने अचूक टाकले आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. ते फ्री थ्रो दुसऱ्या कोणी घेतले असते तर नियमाप्रमाणे त्याला त्या सामन्यात परतता आले नसते, आणि आपण परत खेळू असे त्याला तोवर वाटत होते. सामना आणि विजेतेपद रॅप्टर्सने जिंकले. जुलैच्या सुरुवातीला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच महिन्यात वॉरियर्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे १९ कोटी डॉलरचा करार केला.

एनबीएमधील असे मोठे करार बहुधा हमीचे असतात. खेळाडू जखमी झाला तरी रक्कम द्यावीच लागते, आणि दीर्घ अनुपस्थितीत तिचा मोठा भार विम्यावर जातो. पण हे भाग्य सर्वांचे नसते हेही सांगितले पाहिजे. याच लीगमध्ये दहा दिवसांच्या करारावर खेळणारेही असतात आणि त्यांचा गुडघा दुखावला तर करारासोबत पुढची संधीही संपण्याची शक्यता असते. थॉम्प्सनच्या वाट्याला पैशाची चिंता आली नाही, एवढ्यापुरते त्याचे प्रकरण सोपे आहे.

आता दिनक्रमाविषयी. एसीएलच्या शस्त्रक्रियेत तुटलेला स्नायुबंध सहसा शिवला जात नाही. रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा, तुकडा घेऊन त्या जागी बसवला जातो. पहिल्या काही आठवड्यांतील कामे बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील अशी असतात: सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ होऊ देणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला पुन्हा काम करायला लावणे. गुडघ्यात सूज असली की हा स्नायू मेंदूचा आदेश नीट पाळत नाही आणि पाहता पाहता रोडावतो. काल-परवापर्यंत दोन माणसांच्या डोक्यावरून उडी मारणारा खेळाडू सरळ पाय पलंगावरून उचलण्यासाठी घाम गाळत असतो. त्यानंतर एका पायावरचे व्यायाम, तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेतील धावणे, सहा महिन्यांच्या आसपास उड्या आणि दिशाबदल, आणि सर्वांत शेवटी अंगाला अंग भिडणारा खेळ. हे काम रोजचे, तासन्‌तासांचे असते. संघाचा सराव सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर, एखाददुसऱ्या फिजिओथेरपिस्टच्या सोबतीने ते करायचे असते. आहारही बदलावा लागतो, कारण सामने नसल्याने शरीराची भूक पूर्वीची आणि खर्च मात्र निम्मा अशी अवस्था होते.

यात दुखते त्यापेक्षा कंटाळवाणे अधिक असते, असे माझे मत आहे, आणि व्यावसायिक खेळाडूला कंटाळ्याची सवय नसते. एनबीएचा नियमित हंगाम ८२ सामन्यांचा असतो. साधारण दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सामना, मध्ये विमानप्रवास, सराव, पुन्हा सामना. जखमी खेळाडूच्या आयुष्यातून हे वेळापत्रक एकाएकी निघून जाते. संघ दौऱ्यावर जातो तेव्हा तो बहुधा मागे राहतो, आणि मैदानावरील निकालाने रोज मिळणारी पावती बंद होऊन तिची जागा गुडघा किती अंशांत वाकला या मोजमापाने घेतली जाते. थॉम्प्सनने या काळात समुद्र जवळ केला. पोहणे आणि बोट चालवणे हा त्याचा विसावा होता. एका सामन्यात तर हातात मायक्रोफोन घेऊन त्याने दूरचित्रवाणीसाठी मैदानाच्या कडेने वार्तांकनही केले.

आणि संघाची दशा? त्या आधीची सलग पाच वर्षे हा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता आणि तीनदा विजेता ठरला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात केव्हिन ड्युरंट ब्रुकलिनला गेला, आंद्रे इग्वाडालाला दुसऱ्या संघाकडे पाठवण्यात आले आणि शॉन लिव्हिंग्स्टन निवृत्त झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील नव्या चेस सेंटरमध्ये हंगाम सुरू होऊन आठवडाभरच झाला होता, तोच ३० ऑक्टोबरला संघाचा प्रमुख खेळाडू स्टीफन करी याचा डावा हात मोडला. करी त्या हंगामात केवळ पाच सामने खेळला. महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये हंगाम थांबला तेव्हा वॉरियर्सच्या नावावर १५ विजय आणि ५० पराभव होते, आणि लीगमधील ३० संघांत ते तळाला होते. आपल्याला जे येते त्याचीच संघाला गरज आहे, हे रोज समोर दिसत असताना हात बांधून बसणे म्हणजे रजा नव्हे.

प्रश्न : एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांनी खेळता येते असे ऐकतो. मग मार्च-एप्रिल २०२० मध्ये थॉम्प्सनला पाच-सहा सामने खेळवून पाहायला काय हरकत होती?
— एक माजी खेळाडू, नागपाडा, मुंबई

उत्तर : नऊ महिने ही परतण्याची तारीख नाही, त्याआधी परतू नये अशी ती मर्यादा आहे. बसवलेल्या कंडरेत नव्याने रक्तपुरवठा होऊन तिचे स्नायुबंधासारख्या ऊतीत रूपांतर व्हायला एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि मधल्या काही आठवड्यांत तर ती बसवल्या दिवसापेक्षाही दुबळी असते. खेळाडूला मात्र नेमके याच सुमारास बरे वाटू लागलेले असते. म्हणून जाणकार कॅलेंडरबरोबर कसोट्याही पाहतात: जखमी पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के आहे का, एका पायावर उडी मारून तो स्थिर उतरतो का, दिशा बदलताना गुडघा आत वळतो का.

या प्रकरणी हिशेबही सरळ होता. जुलैपासून नऊ महिने मोजले तर एप्रिल उजाडतो, आणि नियमित हंगाम एप्रिलच्या मध्यावर संपणार होता. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी तर हंगामापूर्वीच तो खेळण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले होते. शिवाय एक गोष्ट क्रीडाप्रेमींना बोलायला अवघड वाटते: एनबीएत तळाच्या संघांना नवोदित खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी जास्त असते. सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. पाच-सहा विजय मिळवून वॉरियर्सला काहीच साधायचे नव्हते.

उलट उदाहरण त्याच अंतिम मालिकेतले आहे. पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर असलेला ड्युरंट, संघ १-३ असा पिछाडीवर असताना, १० जूनच्या पाचव्या सामन्यात उतरला आणि बारा मिनिटांच्या खेळानंतर त्याच्या टाचेवरची अकिलीस कंडरा तुटली. संघाला त्याची गरज त्या रात्री होती आणि पोटरीला आणखी काही आठवडे हवे होते. जखमी खेळाडूच्या आयुष्यातील बहुतेक तणाव या दोन वेळापत्रकांच्या न जुळण्यातून येतो. हरणाऱ्या हंगामाने थॉम्प्सनवर एक उपकार केला तो हाच, की परतण्याची घाई करायला संघाकडे कारणच उरले नाही.

प्रश्न : इतकी काळजी घेऊनही थॉम्प्सनला दुसरी दुखापत झाली. ती पहिल्या दुखापतीमुळेच झाली का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ठामपणे तसे म्हणता येणार नाही. १८ नोव्हेंबर २०२० रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात सरावाचा खेळ खेळताना त्याची उजव्या पायाची अकिलीस कंडरा तुटली. म्हणजे पायही दुसरा आणि अवयवही दुसरा. दीर्घ विश्रांतीनंतर कंडरांवर अचानक भार वाढला की धोका वाढतो आणि एका पायाची उणीव दुसरा पाय नकळत भरून काढतो, ही दोन्ही कारणे तज्ज्ञ विचारात घेतात, परंतु एखाद्या विशिष्ट प्रसंगाचे खापर त्यांवर फोडणे योग्य नाही. योगायोग असा, की त्याच दिवशी झालेल्या नवोदितांच्या निवडीत वॉरियर्सने दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइजमनला घेतले. नव्या हंगामाची सर्व आखणी थॉम्प्सन असेल असे धरून झाली होती.

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळते. चार महिन्यांपूर्वी तिच्या एसीएलची शस्त्रक्रिया झाली. आता ती नीट चालते, पण संघाचे सामने पाहायला जायला तयार नसते आणि विषय काढला की चिडते. आम्ही तिला आग्रह करावा का?
— एक पालक, सांगली

उत्तर : आग्रह करू नये, पण विषय कायमचा बंदही करू नये. सामना पाहायला जाणे म्हणजे संघभावना आणि न जाणे म्हणजे खट्टूपणा, असा अर्थ घरच्यांनी लावला तर ती आणखी दूर जाईल.

थॉम्प्सनबाबतचा एक प्रसंग आपल्याला उपयोगी पडेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोर्टलंडविरुद्धचा घरचा सामना वॉरियर्सने जिंकला. संघ त्या वेळी लीगमध्ये आघाडीवर होता, आणि थॉम्प्सनचे पुनरागमन काही आठवड्यांवर आले होते. तरीही सामना संपल्यावर तो डोक्यावर टॉवेल घेऊन अर्ध्या तासाहून अधिक वेळ रिकाम्या होत चाललेल्या मैदानाच्या बाकावर बसून राहिला. संघाच्या यशाने जखमी खेळाडूचे दुःख कमी होते असे नाही; कित्येकदा आपल्यावाचून सर्व सुरळीत चालले आहे हे पाहणे अधिक जड जाते. आपल्या मुलीला ती चीड याच ठिकाणाहून येत असण्याची शक्यता आहे, आणि ती स्वाभाविक आहे.

तिला जायचे असेल तेव्हा प्रेक्षक म्हणून न जाता काही काम घेऊन जाता येईल का, हे प्रशिक्षकांना विचारून पाहा. स्कोअरशीट भरणे, रिबाउंड (नेम हुकल्यावर परत मिळवलेले चेंडू) आणि चुकलेल्या पासची नोंद ठेवणे, सामन्याचे चित्रीकरण करणे, यांपैकी कोणतेही काम असले तरी चालेल, मात्र ते खरोखर उपयोगाचे असावे. सांत्वनापुरते दिलेले काम खेळाडूच्या लगेच लक्षात येते. तिची झोप किंवा जेवण बिघडले असेल, मैत्रिणींशी बोलणे तुटले असेल, तर समुपदेशकाची भेट घेण्यात संकोच करू नये.

आपण न विचारलेली एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो. चार महिन्यांनी नीट चालता येणे हा या उपचाराचा शेवट नव्हे. आपल्याकडे अनेकदा याच टप्प्यावर फिजिओथेरपी थांबते, कारण वेदना गेलेली असते, कॉलेजचे वर्ष वाया जात असते आणि दर भेटीचा खर्चही सोसवत नसतो. उडी, दिशाबदल आणि थांबणे यांचे प्रशिक्षण याच्या पुढच्या महिन्यांत असते, आणि गुडघ्याची ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळत असल्याने ते गाळणे तिच्यासाठी विशेष धोक्याचे आहे. खेळायला केव्हा सुरुवात करायची हे शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी ताकदीची मोजणी करून ठरवावे. विद्यापीठ स्पर्धेच्या तारखा पाहून तो निर्णय घेऊ नये. पुन्हा दुखापत होईल ही भीती तिला वाटत असेल तर तीही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावी, कारण गुडघा बरा होऊनही मैदानावर न परतणाऱ्या खेळाडूंत ही भीती हे एक मोठे कारण असते.

प्रश्न : परतल्यानंतर थॉम्प्सन पूर्वीसारखा खेळला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नेमबाजीत जवळजवळ होय, बचावात नाही. ९ जानेवारी २०२२ रोजी, ९४१ दिवसांनी, क्लीव्हलँडविरुद्ध तो चेस सेंटरमध्ये उतरला, ठरवून दिलेल्या मोजक्या २० मिनिटांत त्याने १७ गुण केले आणि बचावपटूंच्या गर्दीतून जाऊन एक डंकही मारला. त्याच वर्षी जूनमध्ये वॉरियर्सने बोस्टनला ४-२ असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि २०२२-२३ च्या हंगामात थॉम्प्सनचे ३०१ थ्री पॉइंटर (दुरून टाकलेले तीन गुणांचे चेंडू) हे लीगमध्ये सर्वाधिक होते. चेंडू सोडताना त्याचे तंत्र इतके आखीव असते की त्याला पायांची स्फोटक शक्ती फारशी लागत नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चपळ गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूला, अडवणे हे दुखापतीपूर्वी त्याचेच काम असे आणि २०१९ मध्ये त्याला लीगच्या उत्कृष्ट बचावपटूंच्या मानाच्या यादीतील दुसऱ्या संघात स्थानही मिळाले होते. बाजूला सरकण्याचा तो वेग परत आला नाही. २०२२ च्या विजेतेपदात ते काम मुख्यतः अँड्र्यू विगिन्सने केले, ज्याला संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये, ऐन पराभवांच्या काळात, मिनेसोटाकडून घेतले होते. थॉम्प्सन पुढे २०२३-२४ मध्ये काही सामन्यांत राखीव म्हणून उतरला आणि जुलै २०२४ मध्ये डॅलसकडे गेला.